लागू नसेल

सरकारी छापखान्यात त्याला सगळे भिंग म्हणत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग असायचं, म्हणून भिंग. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि तिथंच सुखात होतं. एकोणतीस वर्षं तो मुद्रितशोधक होता. म्हणजे कायदे, नियम, नेमणुका, जाहीर सूचना, सरकारच्या तोंडून जे काही निघेल ते कागदावर जसंच्या तसं उतरलंय की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं, हा त्याचा पोटाचा धंदा. एकदा 'मंत्र्यांनी शपथ घेतली'च्या जागी 'शपथ खाल्ली' असं जुळलं होतं, ते त्यानं छपाईला जाता जाता पकडलं. पुढं वर्षभर जेवणाची सुट्टी झाली की यंत्रांवरची माणसं एकमेकांना हाक मारायची, "चला, शपथ खायला!"

त्याची खोली पहिल्या मजल्यावर, छपाईयंत्रांच्या बरोबर डोक्यावर. यंत्रं सुरू झाली की टेबलावरचा पाण्याचा पेला आपोआप चालू लागे. टेबलाच्या एका बाजूला तो आणि समोर, गेली बावीस वर्षं, ताई. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि तो प्रूफावर पेन्सिल धरून ऐकत जायचा. संगणक आले, गेले, नवे आले, पण कायदा दोन माणसांनी मोठ्यानं वाचल्याशिवाय छापायचा नाही ही रीत कुणी मोडली नव्हती. ताई विरामचिन्हंसुद्धा तोंडानं म्हणायची. त्याची तिला इतकी सवय झाली होती की घरी नातीला रागावतानाही तिच्या तोंडून निघायचं, "दूध पी स्वल्पविराम नाहीतर मार मिळेल पूर्णविराम." वाचून झालं की पानाच्या तळाशी दोघांची सही. एकाची नसेल तर पान खाली जायचं नाही.

त्या वर्षी भिंगाचा धाकटा भाऊ तुरुंगात होता.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांत अकरा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, आई सतत आजारी. धाकट्याला अक्षर-ओळखीपासून बुटाची नाडी बांधण्यापर्यंत सगळं दादानंच शिकवलं होतं. दादानं स्वतःचं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "एक पोरगा आधीच पदरात आहे." धाकट्यानं मात्र वेळेवर लग्न केलं. त्याची बायको इस्पितळाच्या कपडेखात्यात शिवणकाम करायची, आणि त्यांना एक नऊ वर्षांची मुलगी होती. एका बहुमजली कचेरीतल्या लिफ्टच्या खोलीतून तांब्याच्या केबलची भेंडोळी नाहीशी झाली. खोलीची किल्ली दोघांकडे, पहारेकऱ्याकडे आणि धाकट्याकडे. पहारेकरी म्हणाला मी नाही. मग उरला कोण?

कोर्टानं जामिनाची रक्कम ठरवली ती ऐकून भिंगानं आणि भावजयीनं एकमेकांकडे पाहिलंच नाही. पाहून उपयोग नव्हता. सरकारनं दिलेली एक तरुण वकीलबाई होती. तिनं दोनदा अर्ज करून पाहिला, दोनदा नकार आला. एवढी रक्कम टेबलावर ठेवता आली असती तर धाकटा त्याच दिवशी घरी जेवायला आला असता. ठेवता आली नाही म्हणून तो आत गेला, आणि खटल्याची तारीख पुढं पुढं सरकत राहिली. दहा महिने झाले तरी कोर्टानं अजून त्याला 'चोरी केलीस का' असं नीट विचारलंसुद्धा नव्हतं.

दहाव्या महिन्यात, एका सकाळी, छापखान्यात नवं विधेयक आलं. ताईनं चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली तीन कलमं नेहमीसारखीच, व्याख्या वगैरे. चौथ्या कलमाला ती म्हणाली, "केवळ रक्कम भरता येत नाही या कारणास्तव कोणत्याही आरोपीला खटला चालण्यापूर्वी अटकेत ठेवता येणार नाही पूर्णविराम."

भिंगाची पेन्सिल थांबली.

"सापडलं काही?" ताईनं विचारलं.

"नाही. पुन्हा वाचा."

तिनं पुन्हा वाचलं. मग तिच्या लक्षात आलं. पुढची कलमं तिनं नेहमीपेक्षा सावकाश वाचली, एखाद्याला पत्र वाचून दाखवावं तशी. जामिनाची रक्कमच रद्द. आरोपीनं ठरल्या दिवशी कोर्टात यायचं, आठवड्याला हजेरी द्यायची, गाव सोडायचं नाही, बस. माणूस धोक्याचा असेल तरच आत ठेवायचं आणि तेही न्यायाधीशानं कारण लिहून. भिंगानं त्या दिवशी तिन्ही पानांवर सही केली, आणि दुपारी जिन्यात उभा राहून, कुणी पाहत नाही असं बघून, रुमालात तोंड खुपसून रडला.

छापखान्यात नोकरीला लागताना प्रत्येकाकडून गुप्ततेची शपथ घेतात. विधेयक सभागृहात मांडेपर्यंत त्यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये. एकोणतीस वर्षांत भिंगानं शेजाऱ्याला उद्या जाहीर होणारी सुट्टीसुद्धा आधी सांगितली नव्हती.

त्याच आठवड्यात वकीलबाईचा फोन आला. सरकारी वकिलानं एक तोडगा काढला होता. धाकट्यानं गुन्हा कबूल करायचा, आणि जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा धरायची. बुधवारी कबुली, शुक्रवारी घरी.

"पण त्यानं केलेलंच नाहीये," भिंग म्हणाला.

"मला माहीत आहे, काका," वकीलबाई म्हणाली. तिच्या आवाजात झोप अपुरी होती. "केलं नाही म्हणून लढायचं तर तारीख लागायला अजून वर्ष जाईल. आणि केलं म्हटलं तर शुक्रवारी घरी. मी सल्ला देत नाही. फक्त सांगतेय."

"आणि परवाना?"

"चोरी कबूल केली की लिफ्टचा परवाना कायमचा जाईल. ते माझ्या हातात नाही."

भेटीच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं, मधोमध हातभर उंच काच. माणसं काचेवरून एकमेकांकडे बघत बोलत. हात लावायचा नाही. धाकटा आला तेव्हा त्याच्या कोपराचं हाड आधी दिसलं, मग तो. शिपाई दाराशी पेंगत होता.

"दादा, काय करू सांग," तो बसता बसताच म्हणाला. "कबूल करून टाकू? घरी ही म्हणते करून टाक. पोरगी रोज विचारते म्हणे. पण परवाना गेला तर मी करू काय रे? मला दुसरं येतं काय?"

भिंगानं दाराकडे पाहिलं. मग तो काचेला कपाळ लागेल इतका पुढं झुकला.

"कबूल करू नकोस. कायदा येतोय. पैशाशिवाय सोडणार आहेत, सगळ्यांना. सहा आठवडे कळ काढ. मग बाहेर बसून खटला लढ, निर्दोष सूट."

"नक्की?"

"माझ्या टेबलावर होता. मी सही केलीय."

धाकट्याच्या चेहऱ्यावर दहा महिन्यांत पहिल्यांदाच हसू आलं. "दादानं वाचलंय म्हणजे झालंच," तो म्हणाला. लहानपणी भिंतीवरची पाटी वाचून दाखवल्यावर म्हणायचा तसंच.

बुधवारी त्यानं कोर्टात नाही म्हणून सांगितलं. सरकारी वकिलानं खांदे उडवले आणि फाईल बंद केली.

भावजयीला हे संध्याकाळी कळलं. ती इस्पितळातून नुकतीच आली होती, ब्लाऊजला सुया टोचलेल्या तशाच होत्या. ओरडली नाही. एकेक सुई काढून डबीत टाकत म्हणाली, "दादा, मला परवाना नको होता. मला माणूस हवा होता."

"सहाच आठवडे," भिंग म्हणाला. "मग माणूसही मिळेल आणि परवानाही राहील. आयुष्यभर चोर म्हणून फिरायचं का त्यानं?"

"तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर." तिनं डबीचं झाकण लावलं. "पण शुक्रवारी येणार म्हणून मी पोरीला सांगून बसले होते."

विधेयक सभागृहात आलं. वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. कुणी म्हणालं गरिबांना न्याय मिळाला, कुणी म्हणालं आता चोरांना रान मोकळं. भिंग दोन्ही बातम्या कापून खिशात ठेवायचा आणि भेटीला गेला की काचेपलीकडे धरायचा. मग विधेयक समितीकडे गेलं. समितीचं काम म्हणजे न संपणारं. सहाचे आठ आठवडे झाले, आठाचे बारा. धाकट्याची एक दाढ आतच काढावी लागली, भूल नीट दिली नव्हती, गाल आठवडाभर सुजलेला होता. तरी तो म्हणायचा, "चालायचंच. तू आहेस ना बघायला." रोज सकाळी तो आल्या आल्या कामाची पेटी उघडून बघायचा, आणि कुठल्यातरी खात्याच्या बदल्यांची यादी निघाली की पेटी आदळून बंद करायचा. ताई म्हणायची, "अरे, त्या पेटीनं काय घोडं मारलंय तुझं?"

चौदाव्या महिन्यात प्रत आली. समितीनं सुधारलेली, सभागृहानं आदल्या रात्री मंजूर केलेली, अखेरची. दुसऱ्या दिवशी राजपत्रात छापायची होती.

ताईनं चष्मा पुसला. पहिली तीन कलमं जशीच्या तशी. चौथंही तसंच. भिंगाचा श्वास मोकळा झाला. मग ताई म्हणाली, "पोटकलम तीन पूर्णविराम," आणि तिचा आवाज किंचित बदलला, पायरी चुकल्यावर माणसाचा बदलतो तसा. हे पोटकलम आधी नव्हतं.

"या कायद्याच्या अंमलाच्या तारखेपूर्वी अटक झालेल्या व्यक्तींना स्वल्पविराम त्यांचे खटले प्रलंबित असले तरी स्वल्पविराम हे कलम लागू नसेल पूर्णविराम."

खालची यंत्रं सुरू होती. पेला टेबलाच्या कडेकडे चालला होता. ताईनं हात पुढं करून तो अडवला.

"पुढं वाचू?" तिनं विचारलं.

"वाचा."

तिनं पाचवं कलम वाचलं, सहावं वाचलं. भिंगाला काहीही ऐकू येत नव्हतं. तो प्रूफातल्या त्या एका शब्दाकडे बघत बसला होता. नसेल. पाहता पाहता त्याला दिसलं की या शब्दाचं सगळं वजन पहिल्या अक्षरावर आहे. 'न'च्या जागी 'अ' आला की संपलं. लागू असेल. एवढंच! वाक्यसुद्धा मोडत नाही. उलट 'प्रलंबित असले तरी'च्या मागे ते जास्तच शोभून दिसतं. एकोणतीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका काढत आला होता, स्वतःची एकही केली नव्हती. एक चूक तरी त्याच्या हक्काची होती.

त्यानं 'न'वर आडवी रेघ मारली आणि समासात, नेहमीच्या बारीक, नेटक्या अक्षरात, 'अ' लिहिला.

ताईचं वाचून झालं. तिनं प्रूफ आपल्याकडे ओढलं, सही करायला पेन उघडलं, आणि थांबली. समासातल्या खुणांवरून एकदा बोट फिरवायची तिची सवय होती. बोट 'अ'वर येऊन अडकलं.

ती काही विचारणार असं त्याला वाटलं. तिनं मूळ प्रत उचलली आणि तेच वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचलं. "हे कलम लागू नसेल पूर्णविराम."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

तिनं पुन्हा वाचलं. त्याच चालीवर, त्याच उंचीत, "लागू नसेल पूर्णविराम."

"ताई, एक दिवस," तो म्हणाला. "फक्त एक दिवस राहू दे. उद्या राजपत्र निघेल. परवा दहा वाजता वकीलबाई अर्ज टाकेल. छापलंय ना, छापलेलंच खरं. न्यायाधीशाला दुसरं काय दाखवायचं? त्यांच्या लक्षात येईपर्यंत तो घरी असेल."

"आणि लक्षात आल्यावर?"

"आल्यावर बघू."

"दोन ओळींचं शुद्धिपत्रक निघेल," ताई म्हणाली. "तेही आपल्याच टेबलावर येईल. मी वाचीन आणि तू सही करशील. त्याला घरातून उचलून नेतील, पोरीच्या डोळ्यांदेखत. आणि तुलाही. मग त्या बाईनं कुणाकुणाच्या भेटीला जायचं?"

"मी त्याला थांबवलं, ताई. तो शुक्रवारी घरी येणार होता. मी थांबवलं."

"माहीत आहे मला."

"मग करा ना सही!"

तो ओरडला. या खोलीत बावीस वर्षांत कुणी ओरडलं नव्हतं. ताईनं पेनाचं टोपण बसवलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता.

"मला निवृत्तीला पाच महिने राहिलेत म्हणून नाही म्हणत. होईल त्यानं काही भलं असं मला तिळभर वाटलं असतं, तर केली असती. नाही वाटत रे. मी सही करणार नाही."

खालून माणूस पानं न्यायला आला, दारातून दोघांची तोंडं बघून परत गेला. मग भिंगानं खोडरबर घेतलं आणि समासातला 'अ' पुसला. 'न'वरची रेघ पुसताना कागद थोडा फुगला. त्यानं बोटानं तो दाबून बसवला आणि सही केली. ताईनं केली. त्यांच्या हातून गेलेलं ते पान इतकं निर्दोष होतं की राजपत्रात काना-मात्रेचाही फरक सापडला नसता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो वकीलबाईकडे गेला. तिची कचेरी म्हणजे कोर्टाच्या मागच्या इमारतीत तिघांमधली एक खोली, खुर्चीवर फायली, फायलींवर डबा. तिला पोटकलम माहीत होतं.

"सगळे जुने खटले एकदम उपसायचे म्हटलं तर कोर्टं बुडतील असं समितीचं म्हणणं पडलं," ती म्हणाली. "कुठंतरी रेघ ओढायला हवी होती म्हणे."

"रेघेच्या अलीकडची माणसं, त्यांचं काय?"

तिनं डबा उचलून खाली ठेवला, त्याला बसायला जागा केली.

"तो जुना तोडगा," भिंग म्हणाला. "शुक्रवारचा. तो अजून मिळेल?"

"मी कालच विचारलं, काका. ते सरकारी वकील बदलून गेले. नवे आलेत ते कडक आहेत. त्या कचेरीवाल्यांनी नुकसानीचा आकडाही वाढवून दिलाय. आता कबुली दिली तर दोन वर्षं. त्यातले चौदा महिने झालेत. दहा उरतात."

"आणि नाही दिली तर?"

"तर तारखेची वाट. वर्ष, कदाचित जास्त. आणि दोषी ठरला तर चार."

धाकट्याला हे सांगायला त्या रविवारी भिंगच गेला. वकीलबाई म्हणाली होती मी सांगते, पण त्यानं ऐकलं नाही. काचेच्या अलीकडे बसून त्यानं सगळं सांगितलं. पोटकलम, तारीख, नवा सरकारी वकील. खोडलेल्या अक्षराचं मात्र सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे दया मागणं झालं असतं.

धाकटा ऐकत होता. ऐकताना जीभ गालाच्या आतून, दाढ गेली त्या जागी फिरत होती.

"तू वाचलंस ते?" त्यानं विचारलं.

"हो."

"नीट?"

"हो."

"चूक नव्हती कुठं?"

"नव्हती."

धाकट्यानं मान हलवली. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी आपल्या मुलाला घरच्या मांजरीचं काहीतरी सांगत होती आणि तो मोठमोठ्यानं हसत होता.

"मी घरी होतो दादा त्या शुक्रवारी," धाकटा म्हणाला. "मनात मी पोचलो होतो. जिना चढलो होतो. तू म्हणालास म्हणून परत खाली उतरलो."

त्यानं काचेवर हात ठेवला. शिपायानं दारातूनच "हात काढा" म्हणून दटावलं. त्यानं काढला.

राजपत्र निघालं त्याच दिवशी नवा कायदा लागू झाला. धाकट्याची कबुली त्यानंतरच्या आठवड्यात होती. कोर्टाच्या बाहेर, ओळीनं ठेवलेल्या बाकांवर भिंग आणि भावजय बसून होते. समोरच्या दारातून माणसं बाहेर येत होती. काल पकडलेली, परवा पकडलेली. एका दुकानातून पितळी नळ चोरल्याचा आरोप असलेला इसम अंगातल्या कालच्याच शर्टानिशी बाहेर आला. हातात हजेरीचा कागद. त्याची बायको त्याच्यावर खेकसली, "आता तरी सरळ घरी चल!" आणि तो मुकाट तिच्या मागे चालू लागला.

भावजयीनं त्यांना जिना उतरून दिसेनासे होईपर्यंत पाहिलं.

"हाच का तो कायदा?" तिनं विचारलं.

"हो."

"चांगला आहे," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते भिंगाला सोसवेना.

आत सगळं दहा मिनिटांत उरकलं. न्यायाधीश वयस्कर होते, सर्दीनं बेजार, सौम्य बोलत होते. त्यांनी आरोप वाचला आणि विचारलं, "तुम्ही हे केलंत?"

"केलं," धाकटा म्हणाला.

"कुणाच्या दबावाखाली सांगत नाही ना?"

धाकट्यानं वळून पाहिलं. वकीलबाईकडे नाही, बायकोकडे नाही. दादाकडे पाहिलं, क्षणभर. मग परत तोंड वळवून म्हणाला, "नाही साहेब. कुणाच्याच नाही."

परवाना रद्द झाल्याचं पत्र पंधरा दिवसांत घरच्या पत्त्यावर आलं. भावजयीनं ते भिंगाला दाखवलं आणि म्हणाली, "दादा, आता काही दिवस येऊ नका. राग नाही माझा. पण तुम्ही आलात की पोरगी विचारते, काका काही बातमी घेऊन आलेत का. मला तिला रोज रोज 'नाही' म्हणवत नाही."

तो गेला नाही. ठरल्या तारखेला फक्त सामानाची पिशवी दाराशी ठेवून यायचा. तुरुंगात भेटीला गेला तर तीनदा धाकटा बाहेर आलाच नाही. अंग दुखतंय असा निरोप आला. चौथ्यांदा भिंगानं जाणं सोडलं.

पाच महिन्यांनी ताई निवृत्त झाली. तिच्या जागी एक मुलगी आली, चुणचुणीत, भराभर वाचणारी. विरामचिन्हं ती टिचकी वाजवून सांगायची. भिंग तिच्यापुढं चुका काढत बसायचा. हात शाबूत होता, नजरही शाबूत होती. निरोपाच्या दिवशी ताईनं त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "माझ्यावर राग धरलायस का रे?" तो म्हणाला होता, "नाही ताई, तुम्ही बरोबर होतात." दोघांनाही त्यानं बरं वाटलं नव्हतं.

दहा महिने भरले त्या दिवशी भिंग सकाळी सातलाच तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. भावजय आणि पोरगी मागाहून आल्या. पोरगी वीतभर वाढली होती. ती आपल्या बुटांकडे बघत उभी राहिली. साडेनऊला छोटं दार उघडलं आणि धाकटा बाहेर आला, हातात दोरीनं बांधलेलं पुडकं. केस मागे गेले होते. बायकोनं पुडकं घेतलं. पोरीनं आधी नुसता हात पुढं केला, मग एकदम त्याच्या कमरेला मिठी मारली. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, बराच वेळ, जणू आता पुढं काय करायचं असतं ते आठवत होता.

मग त्याला दादा दिसला.

"दादा," तो म्हणाला. "तुम्ही कशाला आलात? कामाचा दिवस ना तुमचा?"

तुम्ही. जन्मात कधी त्यानं दादाला तुम्ही म्हटलं नव्हतं. भिंगाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याचे कान चुकीचं ऐकत नसत.

"रजा काढली," तो म्हणाला.

"उगाच त्रास घेतलात," धाकटा म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता. परक्या माणसाशी आपण बोलतो तसा तो नीट, मऊ बोलत होता. "येऊ आम्ही? पोरीला भूक लागली असेल."

"हो, हो. या तुम्ही," भिंग म्हणाला, आणि त्याच्याही तोंडून तेच निघालं.

पुढं धाकट्याला एका गोदामात खोकी उचलायचं काम लागलं. भिंग सणासुदीला नाही, असाच कधीतरी, महिन्या-दीड महिन्यानं जायचा. धाकटा उठून उभा राहायचा, "या, बसा," म्हणायचा, पंखा लावायचा, बायकोला चहा टाकायला सांगायचा. पोरीचा अभ्यास, गोदामातलं काम, पाठदुखी, सगळ्याविषयी बोलायचा. कशाला नकार नव्हता, कसली तक्रार नव्हती. एकदा चहा पिता पिता भिंग म्हणाला, "अरे, मला एकदा शिवी तरी दे."

धाकट्यानं बशी खाली ठेवली. "असं कसं बोलता, दादा?" तो म्हणाला. "तुम्ही माझं वाईट थोडंच चिंतलं होतं?"

आणि त्यानं विचारलं, साखर कमी तर नाही ना झाली.